खोक्याची मागची बाजू

किराणा मालाच्या मोठ्या दुकानात पेयांच्या फडताळासमोर उभे राहिले की सगळ्या खोक्यांवर एकच बाग फुललेली दिसते. दव पडलेली संत्री, मधोमध चिरलेला हापूस, दाण्यांचा सडा सांडलेले डाळिंब. शेजारशेजारच्या दोन खोक्यांवर चित्र तेच, आकार तोच, किमतीत थोडाफार फरक. आतला माल मात्र इतका वेगळा, की एकात जवळजवळ निव्वळ रस आणि दुसऱ्यात पाच भागांतले चार भाग साखरपाणी. हा फरक कोणी लपवत नाही. कायद्याने तो छापावाच लागतो. फक्त तो मागच्या बाजूला असतो आणि इतक्या बारीक अक्षरांत, की चाळिशी लागलेल्या गिऱ्हाइकाने मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून वाचावा. खुशाल वाचावा. पुढच्या बाजूवर जाहिरात असते, तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मागे सर्वात आधी शोधायची ती पेयाची जात. आपल्याकडे अन्नाची मानके ठरवते ती ‘अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण’ ही केंद्रीय संस्था, बोलीभाषेत एफएसएसएआय. तिच्या नियमांत ‘फ्रूट ज्यूस’, ‘फ्रूट नेक्टर’ आणि ‘फ्रूट ड्रिंक’ किंवा ‘फ्रूट बेव्हरेज’ या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. ज्यूस म्हणजे फळाचा रस. नेक्टरमध्ये फळाचा अंश निदान २० टक्के हवा, संत्रे आणि अननसाच्या नेक्टरमध्ये ४०. आणि फ्रूट ड्रिंक? त्यात १० टक्के फळ असले की भागते. लिंबाचे असेल तर ५ टक्के. उरलेले बहुतेक पाणी आणि साखर. गंमत अशी की नेक्टर हे नाव ऐकायला सर्वात भारदस्त, म्हणून घेणाऱ्याला वाटते की हा ज्यूसपेक्षा वरचा माल असणार. प्रत्यक्षात तो एक पायरी खाली आहे.

आंब्याच्या पेयाचे एखादे लहान खोके हातात घेऊन पाहा. घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यायची असा नियम आहे; ज्याचे वजन सर्वात जास्त ते पहिले. यादी साधारण अशी निघते: पाणी, आंब्याचा गर, साखर, आम्लतेसाठी आयएनएस ३३०, मग अँटिऑक्सिडंट म्हणून आयएनएस ३००, रंग, आणि शेवटी आंब्याचा स्वाद. आंब्याच्या पेयाला वरून आंब्याचा स्वाद का घालावा लागतो, हा प्रश्न ज्याला पडला त्याला अर्धे उत्तर मिळालेच. गराच्या पुढे कंसात टक्केवारी असते, बहुधा १० ते २० च्या दरम्यान. आता पोषणाचा तक्ता. १०० मिलिलिटरला साखर १३ ग्रॅम असेल तर २०० मिलिलिटरच्या खोक्यात २६ ग्रॅम, म्हणजे सपाट पाच चमचे भरून वर थोडी. चित्रातला आंबा हापूससारखा केशरी असला तरी आतला गर बहुतेक वेळा तोतापुरीचा असतो. आंध्रातल्या चित्तूर आणि तामिळनाडूतल्या कृष्णगिरी भागात या आंब्याचा गर काढण्याचे मोठे कारखाने आहेत. तोतापुरीला नावे ठेवायचे कारण नाही. भरपूर पिकतो, गर भरपूर देतो आणि वर्षभर एकसारखी चव देतो. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू याच खोक्यासाठी केलेली.

अशा पेयाचा भाव लिटरमागे काढू नये, फळामागे काढावा. समजा, ८० रुपये लिटरच्या ड्रिंकमध्ये १६ टक्के गर आहे. म्हणजे ८० रुपयांत १६० मिलिलिटर गर पदरात पडला. शेजारचा ज्यूस १३० रुपये लिटर म्हणून आपण बाजूला ठेवला, त्यात मात्र लिटरभर रस होता. स्वस्त नेमके कोणते, हे असे मांडले की चटकन कळते.

आता त्या महागातल्या खोक्याकडे वळू. वर्षानुवर्षे त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के फळांचा रस’ असे छापलेले असे. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने उत्पादकांना सांगितले की सांद्र रसात पाणी घालून बनवलेल्या पेयांवरून आणि त्यांच्या जाहिरातींतून हा दावा काढून टाका. प्राधिकरणाचे म्हणणे असे की जिथे मुख्य घटक पाणी आहे आणि रस सांद्र रूपातून पुन्हा सौम्य केलेला आहे, तिथे शंभर टक्क्यांचा दावा दिशाभूल करतो. उद्योगाला हे रुचले नाही आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच आदेशात जुन्या नियमाचीही आठवण करून दिली होती: सांद्र रसापासून बनवलेल्या पेयावर ‘रीकॉन्स्टिट्यूटेड’ हा शब्द हवा, आणि वरून घातलेली साखर किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ‘स्वीटन्ड ज्यूस’ असे लिहायला हवे. हे दोन शब्द खोक्यावर शोधायची सवय लावून घ्यावी.

सांद्र रस म्हणजे काय प्रकार आहे, ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. संत्र्याच्या रसात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते पाणी जहाजातून देशोदेशी फिरवायचे म्हणजे भाड्याचा चुराडा. म्हणून कारखान्यात हवेचा दाब कमी करून रस उकळवतात. दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाच उकळते आणि रस करपत नाही. पाणी उडत जाते, रस मधासारखा दाट होतो. त्याचा दाटपणा ‘ब्रिक्स’ या अंशांत मोजतात. अडॉल्फ ब्रिक्स नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभियंत्याचे हे नाव. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर असली तर एक अंश. ताजा संत्र्याचा रस ११-१२ ब्रिक्सचा असतो, सांद्र रस ६५ च्या आसपास. द्राक्ष बागायतदारांना हा आकडा नवा नाही. नाशिक-सांगलीकडे बागेत उभे राहून, छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणात रसाचा थेंब टाकून मालाची गोडी बघतात, ती याच अंशांत. एक लिटर सांद्र रसात पाणी घातले की पुन्हा साधारण सात लिटर पिण्याजोगा रस तयार होतो. दुधाच्या भुकटीपासून दूध करावे, तसेच हे.

यात फसवणूक आहे का? माझ्या मते नाही. जेवढे पाणी काढले तेवढेच परत घातले, तर साखर, पोटॅशियम, आंबटपणा मूळ रसाच्या जवळपासच राहतो. जातो तो वास. उकळताना पाण्याच्या आधी सुगंध उडतो. तो वेगळा धरून ठेवून नंतर परत मिसळतात. सी जीवनसत्त्वही उष्णतेने आणि हवेने थोडे घटते, म्हणून वरून घालतात. यादीतला आयएनएस ३०० म्हणजे तेच, अॅस्कॉर्बिक आम्ल. ज्यांना ‘केमिकल’ या शब्दाचे भय वाटते त्यांनी निदान या एका आकड्याला घाबरू नये. आयएनएस ३३० म्हणजेही सायट्रिक आम्ल, लिंबातले.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, विशेषतः विदर्भातून. आपल्या नागपुरी संत्र्याची एवढी ख्याती, त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, मग खोक्यातला संत्र्याचा रस त्याचा का नसतो? कारण घरोघर ठाऊक आहे, फक्त ते मोसंबीच्या निमित्ताने ठाऊक आहे. आजारी माणसासाठी मोसंबीचा रस काढला, तो पाहुण्यांच्या गडबडीत तासभर ओट्यावर राहून गेला, आणि मग कडू लागला. फळ चांगले होते, पातेले स्वच्छ होते, मग कडूपणा आला कुठून? या फळांच्या बियांत आणि फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असते. फळ अख्खे आहे तोवर ते आंबट रसापासून वेगळे राहते. रस काढताना पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि आंबटपणाच्या सान्निध्यात त्या बेचव द्रव्याचे हळूहळू लिमोनिन होते. लिमोनिन अत्यंत कडू असते. नागपुरी संत्रे, पंजाबातला किन्नू, मोसंबी या सगळ्यांना ही खोड कमीअधिक आहे, आणि रस तापवला की ती आणखी जाणवते. म्हणून रसाचा जागतिक धंदा व्हॅलेन्सिया जातीच्या संत्र्यावर उभा राहिला, ज्यात ही कटकट फारच कमी. त्या रसाचा सर्वात मोठा निर्यातदार देश ब्राझील. घरी मोसंबीचा रस काढताना बिया आधी काढाव्यात, पापुद्रा दाबून पिळू नये आणि रस काढला की लगेच प्यावा, एवढे केले की पुरते.

म्हणजे सांद्र रसापासूनचा, वरून साखर न घातलेला ज्यूस मिळाला की प्रश्न मिटला? इथेच खरी मेख आहे. ‘नो अॅडेड शुगर’ हे शब्द वाचून मधुमेहाच्या घरातही खोके येते. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की साखर वरून घातलेली नाही. फळाची स्वतःची साखर असतेच, आणि ती थोडीथोडकी नसते. सफरचंदाच्या रसात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम, द्राक्षांच्या रसात १४-१५ ग्रॅम. बाजारातल्या नेहमीच्या कोलात साडेदहा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे द्राक्षांचा शुद्ध, निर्भेळ, वरून साखर न घातलेला रस कोलापेक्षा गोड.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशींत ही गोष्ट स्पष्ट केली. तिने ‘मुक्त साखर’ अशी एक मोट बांधली. तिच्यात स्वयंपाकघरातली साखर आहे, कारखान्यात घातलेली साखर आहे, मध आहे, आणि फळांच्या रसातली व सांद्र रसातली साखरही आहे. अख्ख्या फळातली साखर या मोटेत नाही. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त साखरेतून यावेत, जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतात. सकाळ-संध्याकाळचा आपला गोड चहा, मधल्या वेळची बिस्किटे आणि जेवणातला गुळाचा खडा यांनीच यातला मोठा वाटा खाऊन टाकलेला असतो. उरल्यासुरल्या जागेत रसाचा प्याला बसवायचा आहे.

आपल्या खोक्यांवर ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ अशा दोन ओळी असतात. दोन्ही वाचाव्यात, दुसऱ्या ओळीत शून्य दिसले म्हणून पहिलीकडे काणाडोळा करू नये. आणखी एक चलाखी माहीत असावी. पांढऱ्या द्राक्षांचा किंवा सफरचंदाचा सांद्र रस गोडीसाठी दुसऱ्या रसात मिसळता येतो. डाळिंबाचे चित्र, नाव ‘मिक्स्ड फ्रूट’सारखे काहीतरी, आणि यादी उघडली तर पहिल्या दोन जागा सफरचंद व द्राक्षांनी पटकावलेल्या, डाळिंब पार शेवटी. सफरचंदाचा सांद्र रस स्वस्त, फिका आणि कुठल्याही चवीखाली दबून राहणारा. म्हणून मिश्र रसांचा तो भरणीचा माल झाला आहे.

तक्ता कशाच्या मापाने दिला आहे, हेही बघायचे. काही ठिकाणी आकडे १०० मिलिलिटरचे असतात, काही ठिकाणी एका ‘सर्व्हिंग’चे. बाटली ६०० मिलिलिटरची, सर्व्हिंग २०० ची. बसस्टँडवर घेतलेली बाटली कोणी तिघांत वाटून पीत नाही.

फळ आणि रस यांच्यात एवढा फरक का पडावा? साखर तर तीच. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा, पण अजूनही आठवला जाणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंदे तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि रस काढून. तिन्हीत साखर सारखीच होती. अख्ख्या फळांच्या मानाने रस अकरापट वेगाने संपला, लगद्याच्या मानाने चौपट. पोट भरल्याची भावना रसाने सर्वात कमी झाली. इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा रसाने जास्त उसळले आणि नंतर रक्तातली साखर उपाशीपोटी असते त्याहूनही खाली गेली. अख्ख्या सफरचंदांनी असे काही केले नाही. चावणे, गिळणे, पोटात त्याचा दाटपणा टिकणे आणि चोथ्यामुळे साखर आतड्यातून हळूहळू झिरपणे, या सगळ्याला वेळ लागतो आणि शरीराला तो वेळ हवा असतो. संत्र्याचा रस काढताना आपण एका प्याल्यासाठी तीन-चार फळे सहज पिळतो. तीन-चार संत्री सोलून, शिरा काढत, बिया थुंकत एका बैठकीला खाणारे विरळाच.

२०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अमेरिकी पाहणीचा पट मोठा होता, १,८७,३८२ माणसांचा. अख्खी फळे, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. रस जास्त पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. आठवड्यातले तीन प्याले रस सोडून त्याजागी फळे खाल्ली तर धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी, असा हिशेब निघाला. ही निरीक्षणांवरची पाहणी आहे; रस पिणाऱ्यांच्या इतर सवयींचाही त्यात वाटा असू शकतो. तरी गंमत पाहा, फळे दोन्हीकडे आहेत. खाल्ली तेव्हा बाजूने, प्यायली तेव्हा विरुद्ध. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. तेव्हा हा प्रश्न परदेशी नियतकालिकापुरता नाही. परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारमार्गदर्शिकेतही रसापेक्षा फळ बरे असेच सांगितले आहे. रसवंतीवाल्यांचीही तिने गय केली नाही: उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर. उन्हातून आल्यावर आले-लिंबू घातलेल्या रसाचा मोह मला आवरत नाही, पण तो अर्धा ग्लासही मिळतो, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

परिरक्षकांची धास्ती मात्र लोक जरुरीपेक्षा जास्त घेतात. टेट्रापॅकचे खोके कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमच्या पातळ थरांचे असते. रस काही सेकंद कडक तापवून, थंड करून, निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. म्हणून तो महिनोन्महिने फ्रिजबाहेर टिकतो, त्याला परिरक्षक लागतोच असे नाही. उघडल्यावर मात्र फ्रिज हवाच, आणि वरच्या सूचनेत जितके दिवस दिले असतील तितक्यात संपवायचा. बाटलीतल्या सरबतांत आणि स्क्वॅशमध्ये आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, किंवा २०२ आणि २२४ असे आकडे दिसतात. ठरवून दिलेल्या मर्यादेत ते चालतात. दम्याच्या काही रुग्णांना २२४ मधल्या सल्फाइटने त्रास होतो, त्यांनी तेवढा आकडा लक्षात ठेवावा. रंगांत १०२ आणि ११० हे कृत्रिम रंग. ज्या पेयाला संत्र्याचा रंग बाहेरून आणावा लागतो त्यात संत्रे किती, याचा तो पुरावाच असतो. आणि ९५०, ९५५, ९६० हे आकडे गोडीची द्रव्ये. साखर नसूनही गोड लागते, ती यांच्यामुळे.

मग घ्यावे तरी काय? रस घ्यायचाच असेल तर मी संत्र्याचा घेईन, गर म्हणजे ‘पल्प’ असलेला, वरून साखर नसलेला. त्यात सी जीवनसत्त्व आणि पोटॅशियम खरोखरच असते, आणि साखर द्राक्षांच्या रसापेक्षा बरीच कमी. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व पुरते. त्याचा मोठा हिस्सा एका लहान प्याल्यात मिळतो. तसा तो एका पेरूत दिवसाच्या गरजेपेक्षाही जास्त मिळतो आणि पेरू स्वस्त असतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. सफरचंदाचा काचेसारखा नितळ रस दिसायला सुरेख. पण तो नितळ करताना पेक्टिन विकराने तोडून गाळून टाकलेले असते, आणि त्याबरोबर बरीच उपयुक्त द्रव्येही जातात. गढूळ सफरचंदाचा रस मिळाला तर तो बरा. टोमॅटोचा रस आपल्याकडे कमी खपतो, पण साखरेच्या हिशेबात तो सर्वांत सज्जन; फक्त मीठ किती घातले आहे ते पाहावे. शहाळ्याच्या पाण्यातही साखर रसांच्या मानाने फारच कमी, मात्र खोक्यातल्या पाण्याच्या यादीत साखर घुसलेली नाही ना, एवढी खात्री करावी.

‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणून ज्या महागड्या बाटल्या फ्रिजच्या कपाटात मांडतात, त्यांतला काही रस उष्णतेऐवजी प्रचंड दाबाने, हवेच्या दाबाच्या काही हजारपट दाबाने, सुरक्षित करतात. चव ताजी राहते यात शंका नाही. साखर मात्र तीच आणि तेवढीच.

आवळा, कारले, जांभूळ यांच्या रसाच्या बाटल्यांचा वेगळा संसार असतो, बहुधा औषधी वनस्पतींच्या फळीवर. त्यांत साखर कमी असते हे खरे. पण मधुमेहाची गोळी बंद करून जांभळाचा रस सुरू करणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात, आणि त्यांना आवरणे हे घरातल्या कोणाचे तरी काम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कुठलाही रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, कारण रसातले पोटॅशियम त्यांच्या शरीरात साचून राहते.

कोकणातल्या माणसाने खोक्यांच्या भानगडीत पडायचेच कशाला, असा प्रश्न मला नेहमी पडतो. पण कोकमातही दोन मार्ग आहेत आणि दुकानात ते एकाच फळीवर असतात. कोकम सरबत किंवा अमृत कोकम हा पाक असतो. कोकमाच्या सालींवर साखर घालून सोडलेला रस, त्यात निम्म्याहून अधिक साखर सहज असते. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला रस. साखर नाही, पण मीठ दणकून. चमचाभर आगळ, प्यालाभर पाणी, जिऱ्याची पूड, हवी असेल तर चिमूटभर साखर आपल्या हाताने. रक्तदाबाच्या माणसाने आगळ जपून घ्यावे. बाकीच्यांना उन्हाळ्यात याहून चांगले पेय मला सुचत नाही.

लहान मुलांचा हिशेब निराळा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये मापे घालून दिली: वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये, एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर, चार ते सहा वर्षांना १८० च्या आत, आणि त्यापुढे २४० पर्यंत. ही मापे निव्वळ रसाची आहेत, ड्रिंकची नाहीत. आपल्याकडे सहलीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत जे खोके जाते ते बहुतेक ड्रिंकचे असते. दातांचाही प्रश्न आहे: रस आंबट, शिवाय गोड, आणि नळीने तासभर थोडा थोडा ओढत राहिले तर दातांवरचे आवरण तितका वेळ त्यात भिजत राहते. जेवणाबरोबर, एका बैठकीत, प्याल्यातून संपवलेला रस त्या मानाने बरा.

मुलाला जुलाब लागले की रसाचे खोके आणायची आपल्याकडची रीत मात्र घातक आहे. औषधांच्या दुकानांत बराच काळ फळांच्या चवीची अशी खोकी मिळत होती, ज्यांच्या नावातच ओआरएस ही अक्षरे होती. डॉक्टरांनी ओआरएस सांगितले, दुकानदाराने ते खोके पुढे केले, आईने विश्वासाने पाजले. खऱ्या ओआरएसचे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले माप असे आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. त्या खोक्यांपैकी काहींत लिटरमागे साखर शंभर ग्रॅमच्याही वर होती आणि क्षार तुटपुंजे. इतकी साखर आतड्यात गेली की ती शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. सफरचंदाच्या रसात साखरेखेरीज सॉर्बिटॉलही असते, त्यानेही मुलांचे पोट ढिले होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या खोक्यांविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. मध्यंतरी ‘हे ओआरएस नव्हे’ अशा अर्थाची सूचना छापून ही अक्षरे नावात वापरायची मुभा उत्पादकांना होती. १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने एफएसएसएआयने ती काढून घेतली. तरीही औषधाच्या दुकानात गेल्यावर नुसते ‘ओआरएस द्या’ म्हणू नये. पुडी मागावी, तिच्यावर ग्लुकोज आणि क्षारांचे वरचे आकडे आहेत का ते पाहावे, आणि पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सगळीच्या सगळी एका वेळी विरघळवावी.